व्हिसा शिरूरातच अडतो

केबलवाल्या पोराचा परदेशाचा व्हिसा कुठं अडतो? लोक दिल्लीच्या वकिलातींकडे बोट दाखवतात. माझं बोट शिरूर तालुक्याकडे आहे. पगाराच्या दिवशी ठेकेदार खिशातून नोटा काढतो, अंगठा ओला करून मोजतो आणि पोराच्या हातावर ठेवतो, तिथंच तो व्हिसा अडतो. पगारपत्रक नाही, पावती नाही, आणि सही घेतलीच तर ती ठेकेदाराच्या वहीत. काही वर्षांनी तेच पोरगं ऑस्ट्रेलियाचा अर्ज उघडून बसतं आणि तिथं विचारलं जातं : पगार मिळाल्याचा पुरावा जोडा. जोडणार काय? वही ठेकेदाराकडे आणि ठेकेदार आता दुसऱ्या जिल्ह्यात.

हे पोरगं करतं काय, ते आधी जवळून बघा. शिक्रापूर ते पाबळ रस्त्याच्या कडेला कुणाच्या तरी पाइपलाइनसाठी चर खणत असताना जेसीबीचा दात केबलला लागतो. पाबळात बँकेचं काम थांबतं, सेवा केंद्रात सातबारा निघेना होतो, लोक ‘सर्व्हर डाऊन’ म्हणत घरी जातात. सर्व्हर ठीक असतो, तुटलेली असते ती केबल. तासाभरात एक मोटारसायकल येते, मागच्या पोराच्या मांडीवर स्प्लायसिंग मशीनची पेटी. चरात उतरून तो केबलचं जॅकेट सोलतो, आतली चिकट जेली पुसून काढतो आणि कोअर मोकळे करतो. ब्ल्यू, ऑरेंज, ग्रीन, ब्राऊन, स्लेट, व्हाइट... बारा रंगांचा क्रम त्याला पाढ्यासारखा पाठ असतो. ब्ल्यूला ब्ल्यूच जोडायचा, एक रंग चुकला की एका गावाची लाइन दुसऱ्या गावाला जाते. मग एकेका कोअरवरचं आवरण स्ट्रिपरनं ओढून काढायचं, स्पिरिटनं पुसायचं, क्लीव्हरनं टोक अगदी सरळ कापायचं. काचेचा तो धागा 125 मायक्रॉनचा आणि त्यातून प्रकाश जातो तो मधला भाग साधारण 9 मायक्रॉनचा. मशीन दोन्ही टोकं समोरासमोर आणतं, ठिणगी पडते, काच काचेत वितळते. पडद्यावर लॉस दिसतो, 0.02 डेसिबल. तो 0.1 च्या वर गेला तर पोरगं कुरकुर न करता जॉइंट तोडून पुन्हा करतं. वरून स्लीव्ह चढवून तापवायची, की पुढचा कोअर. अशा चोवीस जोडण्या झाल्या की ओटीडीआर लावून सगळी लाइन तपासायची. अंधार पडला असेल तर हे सगळं मोबाइलच्या उजेडात.

ही कारागिरी आहे. वाऱ्यानं धूळ उडत असताना, ट्रक शेजारून जात असताना हात न थरथरता हे करणारा माणूस सिडनीतही कारागीर, ओसाकातही कारागीर आणि म्युनिकमध्येही कारागीर. आपल्याकडे त्याला ‘केबलवाला पोऱ्या’ म्हणतात आणि रोजंदारीच्या यादीत मजूर म्हणून टाकतात. मला याची चीड येते.

आणि हे घडतंय कुठं? पाबळच्या परिसरात! शिकण्यासाठी पुस्तकाइतकाच हात लागतो, हे महाराष्ट्रात ज्या गावानं सर्वांत ठासून सांगितलं त्या गावात. 1983 मध्ये डॉ. श्रीनाथ कलबाग इथं आले. इलिनॉय विद्यापीठाची पीएच.डी., म्हैसूरच्या सीएफटीआरआयमधलं काम, मग हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागात वरची जागा, आणि हे सगळं सोडून त्यांनी पाऊस पाठ फिरवणाऱ्या या गावाजवळच्या माळावर विज्ञान आश्रम काढला. शाळेनं ज्यांना नापास म्हणून बाहेर काढलं त्यांना वेल्डिंग, वायरिंग, शेती, पशुपालन, बांधकाम, माती-पाण्याची तपासणी असं सगळं करत शिकवायचं, ही त्यांची पद्धत. एक वर्षाचा निवासी अभ्यासक्रम. 2002 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीची फॅब लॅब तिच्या आवाराबाहेर पहिल्यांदा सुरू झाली त्या जागांत पाबळचं नाव अगदी आघाडीवर आहे. कलबाग 2003 मध्ये गेले, आश्रमाचं काम चालू आहे.

म्हणजे हात तयार करायची विद्या आपल्या दारात चाळीस वर्षांहून जास्त काळ आहे. पण त्या हाताला सीमेपलीकडे चालेल असा कागद द्यायची व्यवस्था आपण उभी केली नाही. दोष आश्रमाचा नाही, तो सरकारचा आणि आपल्या ठेकेदारीचा आहे. आता एकेक देश घेतो म्हणजे कळेल.

ऑस्ट्रेलियापासून सुरू करू, कारण तिथं या धंद्याला स्वतःची जागा आहे. त्यांच्या व्यवसाय-यादीत दूरसंचार कारागिरांचा वेगळा गट आहे, क्रमांक 3424, आणि त्यात चार नावं : केबलर, केबल जॉइंटर, लाइन्सवर्कर, टेक्निशियन. आपला चरातला पोरगा म्हणजे तिथला ‘टेलिकम्युनिकेशन्स केबल जॉइंटर’, क्रमांक 342412. कायमच्या निवासाचा गुणांवर मिळणारा व्हिसा असो, राज्य सरकारच्या शिफारशीचा असो वा मालकानं बोलावलेला 482 क्रमांकाचा असो, कुठल्या व्हिसासाठी कुठलं काम चालतं याच्या याद्या बदलत असतात, त्या अर्जाच्या दिवशीच बघाव्यात. गुणांच्या व्हिसाला वय 45 च्या आत हवं, किमान 65 गुण हवेत, आणि एकट्या वयाचे 30 गुण 25 ते 32 या वयात मिळतात. इंग्रजीत आयईएलटीएसच्या चारही भागांत 6 हवेत. मालकाच्या व्हिसाला डिसेंबर 2024 पासून दोनऐवजी एका वर्षाचा अनुभव पुरतो, मात्र मालकानं किमान पगाराची अट पाळायला हवी. 1 जुलै 2025 ला ती वर्षाला 76,515 ऑस्ट्रेलियन डॉलर होती आणि ती दरवर्षी वाढते.

इथवर आपलं पोरगं टिकतं. वय आहे, हात आहे, इंग्रजी सहा महिने घासलं तर तेही येईल. पुढे येतं ट्रेड्स रेकग्निशन ऑस्ट्रेलिया, म्हणजे कारागिरांची पात्रता तपासणारी त्यांची सरकारी संस्था. ती मागते पूर्णवेळ पगारी कामाची वर्षं आणि त्या प्रत्येक वर्षाचा कागद : मालकाच्या लेटरहेडवर कामाचं तपशीलवार वर्णन, पगारपत्रकं, बँकेचे उतारे, कराची कागदपत्रं. पडद्यावरचा 0.02 तिथं कुणी बघत नाही. वर्षानुवर्षं रात्रीबेरात्री लाइन जोडलेली असली तरी कागदावर ती वर्षं शून्य.

जर्मनीची गंमत वेगळी, आणि ती महाराष्ट्राला जवळची. फेब्रुवारी 2024 मध्ये आपल्या सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. सुरुवातीला दहा हजार तरुण पाठवायची भाषा होती, जर्मन शिकवायचा खर्च सरकारनं उचलायचा होता. त्या यादीत इलेक्ट्रिशियन आहे, सुतार आहे, रंगारी आहे. शिवाय जून 2024 पासून जर्मनीनं ‘संधी-कार्ड’ काढलंय, नोकरी हातात नसतानाही वर्षभर तिथं राहून काम शोधायची मुभा. पण त्याची पहिलीच अट वाचा : मायदेशात सरकारमान्य असलेलं किमान दोन वर्षांचं व्यवसायशिक्षण. त्यावर जर्मन ए-1 किंवा इंग्रजी बी-2, आणि तिथल्या राहण्याखाण्याचे पैसे आहेत याचा पुरावा.

दोन वर्षं. आयटीआयचा इलेक्ट्रिशियन दोन वर्षांचा, तो आत. आयटीआयचा वायरमन दोन वर्षांचा, तोही आत. पाबळच्या माळावर वर्षभर पहाटेपासून रात्रीपर्यंत हातानं काम करून निघालेलं पोरगं बाहेर. कौशल्य विकासाच्या नावाखाली शे-दोनशे तासांचे ऑप्टिकल फायबर स्प्लायसरचे कोर्स देशभर झाले, टेलिकॉम सेक्टर स्किल काउन्सिलची प्रमाणपत्रं वाटली गेली, फोटो निघाले. ते प्रमाणपत्र घेतलेलं पोरगंही बाहेर. ज्या प्रमाणपत्राला जर्मनीचं दार उघडत नाही हे सगळ्यांना माहीत आहे, ते देताना त्या पोराला तसं सांगायला नको का? मंचावर परदेशातल्या नोकऱ्यांची भाषणं झाली की समोरची मुलं ती खरी मानतात.

कॅनडा शिक्षण विचारत नाही. एक्सप्रेस एंट्रीत ‘फेडरल स्किल्ड ट्रेड्स’ नावाचा एक मार्ग आहे, त्यात टेलिकॉमच्या लाइन आणि केबल टाकणाऱ्यांचा व्यवसाय बसतो, क्रमांक 72204. दहावी-बारावीची अट नाही, इंग्रजीची अटही सोसवेल अशी. पण मागच्या पाच वर्षांत दोन वर्षांचा पूर्णवेळ अनुभव दाखवायचा आणि जोडीला कॅनडातल्या मालकाचं एक वर्षाच्या नोकरीचं पत्र किंवा तिथल्या प्रांताचं कारागिरीचं प्रमाणपत्र आणायचं. अनुभव दाखवायचा म्हटलं की आपण पुन्हा ठेकेदाराच्या वहीपाशी. अमेरिकेचा एच-वन-बी पदवीवाल्यांचा, तो इथं सोडून द्या.

जपानबद्दल मात्र थांबून बोललं पाहिजे, कारण पाबळच्या पोराला आज सर्वांत जवळचा रस्ता तोच आहे आणि शिरूर-दौंडात त्याची चर्चा मला ऐकूच येत नाही. एप्रिल 2019 पासून जपाननं ‘तोकुतेई गिनो’, म्हणजे ठरावीक कौशल्याच्या कामगारांचा व्हिसा सुरू केला. भारताशी त्याचा करार जानेवारी 2021 मध्ये झाला. त्यातल्या बांधकाम क्षेत्राच्या तीन गटांपैकी ‘लाइफलाइन आणि उपकरणं’ या गटात दूरसंचाराचं काम येतं. वय 18 पूर्ण हवं. पदवी, डिप्लोमा, दहावीची मार्कशीट यांपैकी कशाचीही अट नाही. दोन परीक्षा द्यायच्या : एक कामाची आणि एक जपानीची, ती जेएफटी-बेसिक किंवा एन-4. पहिल्या पायरीच्या व्हिसावर एकंदर पाच वर्षं राहता येतं, बायकोमुलांना नेता येत नाही. दुसरी पायरी गाठली की कुटुंब नेता येतं आणि व्हिसा पुढे वाढत राहतो. पाच वर्षांचा विरह लहान गोष्ट नाही, तो घरी बसून ठरवायचा विषय आहे. पण ज्याला शाळेनं नापास केलं त्याला मार्कशीट न विचारता परीक्षेला बसू देणारा हा देश आहे. पाबळच्या आसपास जपानीचा एक नीट वर्ग चालू करायला काय हरकत आहे? रांजणगावच्या एमआयडीसीत परदेशी कंपन्या आहेत, पुण्यात जपानी शिकवणारे कितीतरी आहेत. आमदारनिधीतून कमानी उभ्या राहतात, मग दोन शिक्षकांच्या मानधनाला पैसे कमी का पडावेत?

आखात सगळ्यांना माहीत आहे. रत्नागिरी-रायगडच्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या माणसं गेली, तिथल्या म्हाताऱ्यांनासुद्धा कुठला एजंट खरा आणि कुठला खोटा ते कळतं. आपल्या घाटावरच्या तालुक्यांना ती समज नाही, म्हणून आपली पोरं जास्त फसतात. दहावी न झालेल्याच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ असतं. 1983 च्या स्थलांतर कायद्यानुसार अशा माणसाला आखाती देशांसह 18 देशांत कामाला जाण्याआधी प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सची परवानगी लागते. विज्ञान आश्रम आणि हा कायदा एकाच सालचे. कायदा चांगल्या हेतूचा आहे, अडाणी समजून कुणी माणसाला विकू नये म्हणून केलेला. पण ज्या पोरानं काचेचा धागा जोडायला शिकून घेतलं तो दहावी नाही म्हणून कायद्याच्या लेखी अजून अडाणीच. आयटीआयसारख्या मान्य संस्थेचा दोन वर्षांचा डिप्लोमा असेल तर सुटका आहे. एक वर्षाला नाही. हे दोन वर्षांचं कुंपण जर्मनीत आहे आणि आपल्या स्वतःच्या कायद्यातही आहे.

म्हणून पोरांनो, दहावी करा. राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून करा, काम करता करता करा, लाज वाटू देऊ नका. त्यानं पासपोर्टवरचा शिक्का जातो आणि निम्मे एजंट आपोआप दूर होतात. नोंदणीकृत एजंटचा क्रमांक सरकारच्या ई-मायग्रेटवर बघता येतो. त्याला तुमच्याकडून सेवेपोटी जास्तीत जास्त 30,000 रुपये आणि वर जीएसटी घेता येतो, तोही पावती देऊन. दोन-तीन लाख मागणारा, ‘आधी व्हिजिटवर जा, तिकडे बदलून देतो’ म्हणणारा, ‘आझाद व्हिसा’ विकणारा, यांपैकी कुणालाही चहासुद्धा पाजू नका. वडिलांनी कांद्याचे पैसे किंवा गुंठाभर जमिनीचे पैसे अशा माणसाच्या हवाली केल्याच्या गोष्टी या तालुक्यात कमी नाहीत.

आता येतो ज्यासाठी लिहायला बसलो त्याकडे. भारतनेट 2011 मध्ये मंजूर झालं, तेव्हा त्याचं नाव वेगळं होतं. ऑगस्ट 2023 मध्ये केंद्रानं त्याच्या सुधारित कार्यक्रमाला 1,39,579 कोटी रुपये मंजूर केले. गावोगावच्या ग्रामपंचायतींपर्यंत सरकारी पैशानं फायबर जातंय. वर मोठी कंपनी, तिच्याखाली ठेकेदार, त्याच्याखाली पेटी काँट्रॅक्टर आणि सगळ्यांत खाली, चरात, सहा-आठ पोरं. वरच्या प्रत्येकाकडे वर्क ऑर्डर असते, बिल असतं, काम पूर्ण झाल्याचा दाखला असतो. तोच दाखला दाखवून ठेकेदार पुढचं मोठं टेंडर भरतो. ज्यानं जोडणी केली त्याच्याकडे काय राहतं? हेल्मेट असेल तर हेल्मेट.

कायदा काही म्हणतच नाही असं नाही. कंत्राटी कामगारांच्या 1971 च्या केंद्रीय नियमांत काम संपल्यावर कामगाराला सेवेचा दाखला द्यायचं कलम होतं. 21 नोव्हेंबर 2025 ला नव्या श्रमसंहिता लागू झाल्या. त्यांत प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र द्यायचं आहे, आणि कंत्राटी कामगारानं मागितला तर त्यानं केलेल्या कामाच्या तपशिलासह अनुभवाचा दाखला ठेकेदारानं द्यायचा आहे. वाचायला उत्तम. पण कंत्राटी कामगारांचं ते प्रकरण 50 किंवा जास्त माणसं लावणाऱ्यालाच लागू होतं. पेटी काँट्रॅक्टरकडे सहाच पोरं. भविष्यनिर्वाह निधीला 20 ची अट, तिथंही तो सुटला. शिवाय ‘मागितला तर’! हातावर पोट असलेल्या पोरानं दाखला मागायचा आणि दुसऱ्या दिवशी कामावर बोलावणं येत नाही म्हणून घरी बसायचं. ही अट घालणाऱ्यांनी एकदा कुठल्याही चराशेजारी उभं राहून ठेकेदाराचं आणि पोराचं बोलणं ऐकावं.

आयटीआयची अखिल भारतीय परीक्षा खासगी उमेदवार म्हणून देता येते, पण त्यालाही तीन वर्षांच्या कामाचा दाखला लागतो. म्हणजे कागद मिळवायलाही कागदच.

काही जण म्हणतात, पाबळचा प्रयोग पोरांनी गावात राहून उद्योग करावेत म्हणून होता, त्यांना विमानात बसवायला निघालात का? कलबागांना खेड्यातच उद्योग उभे राहायला हवे होते, हे खरं. पण हा कागद गावात राहणाऱ्यालाही तितकाच लागतो. बँकेचं कर्ज घ्यायला लागतो, स्वतःच्या नावावर ठेका घ्यायला लागतो, रांजणगावच्या कंपनीत मजुराऐवजी टेक्निशियन म्हणून लागायला लागतो. जाणाऱ्यानं कारागीर म्हणून जावं, राहणाऱ्यानं कारागीर म्हणून राहावं. आज दोघंही मजूर आहेत.

सरकारला संसदेत जायची गरज नाही. टेंडरमध्ये एक अट घालायची : सरकारी पैशाच्या फायबर कामावर पगार बँकेतच जाईल, आणि प्रत्येक जोडणाऱ्याचं नाव, काम आणि तारखा यांची यादी बिलासोबत जोडल्याशिवाय बिल निघणार नाही, मग ठेकेदार कितव्या पायरीचा का असेना. आणि पोरांनो, तोवर तुम्ही पैसे रोख घेऊ नका. यूपीआयवर मागा, समोर ‘स्प्लायसिंग’ असं लिहायला लावा. बँकेचा उतारा हा तुमचा पहिला दाखला.

दुसरा दाखला तर रोज तुमच्या हातात असतो. ओटीडीआर लाइन तपासतो तेव्हा त्या नोंदीची एक फाइल बनते. त्यात केबलचं नाव, ठिकाण, तारीख, वेळ, प्रत्येक जॉइंटचा लॉस असतो आणि एक रकाना ऑपरेटरचा असतो. तो बहुतेक वेळा कोरा सोडतात, नाहीतर कंपनीचं नाव टाकतात. त्या रकान्यात स्वतःचं पूर्ण नाव लिहा, पासपोर्टवर आहे तसं, आणि फाइलची एक प्रत घरी न्या.